हाडांची विचारपूस : लॉकडाऊनमध्ये हाडं कुठं मोडली?

मागच्या अंकात पावसाळ्यातल्या घसरगुंडीबद्दल लिहिताना मी ओघात एक वाक्य टाकलं होतं : 'लॉकडाऊनमध्ये रस्ते बंद झाले, आमची प्लास्टर रूम काही बंद पडली नाही.' अख्ख्या लेखावर आली नाहीत तेवढी पत्रं त्या एका वाक्यावर आली. कुणाला आकडे हवेत, कुणाला तेव्हाच्या दुखण्याचं आता काय करायचं ते हवंय, आणि एका ताईंनी जे विचारलंय ते इतके दिवस मनातच ठेवलं असणार. म्हणून या खेपेचा सगळा मजकूर त्यालाच दिलाय. गुडघेदुखीवाल्यांनी एक महिना कळ काढावी.

प्रश्न : मी हायस्कूलला गणित शिकवतो. टक्केवारीचा धडा चालू असताना वर्गाला विचारलं, लॉकडाऊनच्या वर्षी महाराष्ट्रात अपघात किती कमी झाले असतील? पोरं म्हणाली, "सर, रस्त्यावर कुत्रं नव्हतं, अपघात कुठनं होणार!" डॉक्टरबाई, वर्गात मांडता येतील असे खरे आकडे द्याल का?
— एक शिक्षक, इचलकरंजी

उत्तर : गुरुजी, पोरांचं उत्तर अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं तुमच्या धड्याला लई कामाचं आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालांप्रमाणे महाराष्ट्रात २०१९ मध्ये ३२,९२५ अपघात झाले आणि त्यांत १२,७८८ माणसं गेली. २०२० मध्ये अपघात २४,९७१ आणि मृत्यू ११,५६९. आता पोरांना भागाकार करायला लावा. अपघात जवळपास पाव हिश्श्यानं घटले, मृत्यू मात्र दहा टक्केसुद्धा घटले नाहीत. शंभर अपघातांमागे आधी ३९ जण दगावायचे, त्या वर्षी ४६. पुढच्या वर्षी, २०२१ मध्ये, अपघात २९,४७७ म्हणजे २०१९ पेक्षा कमीच, पण मृत्यू १३,५२८, म्हणजे २०१९ पेक्षा जास्त. देशाचं चित्रही याच वळणाचं : अपघात साडेचार लाखांच्या आसपास होते ते २०२० मध्ये पावणेचार लाखांच्या आत आले, मृत्यू दीड लाखावरून एक लाख तीस हजारांच्या घरात.

एक शंका तुमच्या हुशार विद्यार्थ्याला येईलच, ती आधीच मांडते. किरकोळ धडकेची नोंद करायला त्या दिवसांत पोलीस चौकीत कोण जाणार? त्यामुळं लहान अपघात कागदावर आलेच नसतील आणि शंभरामागचा आकडा थोडा फुगला असेल. ते मान्य. पण मोठ्या मारांचं प्रमाण वाढलं हे दवाखान्यात बसून दिसत होतं, आणि ते आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेत २०२० मध्ये गाड्या एकूण धावल्या त्या दहा-अकरा टक्क्यांनी कमी, तरी रस्त्यावरचे मृत्यू सुमारे सात टक्क्यांनी वाढले. तिथल्या सरकारी यंत्रणेनंच कारणं सांगितली : वेग, दारू आणि न लावलेला सीटबेल्ट.

कारण सांगायला फार लांब जायला नको. एरवी आपल्या कोल्हापुरात तावडे हॉटेलपासून कावळा नाक्यापर्यंत संध्याकाळी गाडी हाकायची म्हटलं तर तिसऱ्या गिअरला हात जात नाही. गर्दीच आपला वेग धरून ठेवते. गर्दी हटली आणि 'गाव रिकामं कसं दिसतंय बघून येऊ' म्हणून निघालेल्या पोरांनी मोटारसायकलचा काटा जिथं कधी गेला नव्हता तिथं नेला. गुरुजी, इथं वर्गाचं गणित येतं : आदळण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चाळीसचा वेग साठ झाला, म्हणजे दीडपट झाला, की ऊर्जा सव्वादोन पट होते. हाडाला सोसायची असते ती ही ऊर्जा. त्यात चौकात पोलीस विचारायचे पास, हेल्मेट नव्हे. मग पोरांनी पास खिशात ठेवला आणि हेल्मेट घरी.

परिणाम असा की सिग्नलला पाय टेकवताना मुरगळलेले घोटे, रिक्षाला घासून मोडलेली गळ्याजवळची हाडं, दारात चेंगरलेली बोटं, असली आमची रोजची भाजीभाकरी एकदम आटली. आली ती मांडीची हाडं, आणि नडगी कातडं फाडून बाहेर आलेली. एक गोष्ट मात्र तुमच्या टक्केवारीत कधीच दिसणार नाही. बारीक दुखापत झालेली माणसं पडली होतीच, पण दवाखान्यात गेलं तर कोविड घेऊन येऊ या भीतीनं ती घरीच बसली. ती नंतर कशी आली ते पुढं एका पत्रात येतंय.

आणि हो, २५ मार्च २०२० नंतर रस्ते ओस पडले असं आपण शहरातली माणसं म्हणतो. हायवेनं डोक्यावर बोचकी घेऊन चालणारी माणसं होतीच की. ८ मे २०२० ला पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळावर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. त्यांची नोंद रस्ता अपघातात नाही. लॉकडाऊन नसता तर ती माणसं तिथं नसती.

प्रश्न : सासूबाई ७६ वर्षांच्या. लॉकडाऊनमध्ये आम्ही त्यांना पायरीसुद्धा उतरू दिली नाही. तरी एप्रिल २०२१ मध्ये रात्री बाथरूमला उठल्या आणि खुबा मोडला. नणंदा अजून म्हणतात, "घरात असून कसं मोडलं?" आता दुसऱ्या बाजूचं भ्या वाटतं.
— एक सून, राजारामपुरी

उत्तर : वहिनी, नणंदांना हे पान वाचायला द्या. म्हाताऱ्या माणसाचा खुबा घरातच मोडतो. लॉकडाऊनच्या आधीही तिथंच मोडायचा, आताही तिथंच मोडतो. पलंग ते बाथरूम एवढ्या दहा पावलांत. जगात ठिकठिकाणी डॉक्टरांनी त्या काळातले आकडे मांडले तेव्हा खेळातल्या आणि रस्त्यावरच्या दुखापती धाडकन खाली आल्या होत्या, पण वयस्कर माणसांच्या मोडलेल्या खुब्यांची संख्या बहुतेक ठिकाणी फारशी हललीच नाही.

उलट घरात धोके वाढले होते. तुमच्या त्या वेळच्या घराचं चित्र मी न बघता सांगते. मुलगा हॉलमध्ये लॅपटॉप मांडून बसलेला, चार्जरची वायर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. नातवंडं दिवसभर घरात, खेळणी पायात. कुणीतरी वेगळं झोपायचं म्हणून खाली गादी घातलेली. घरभर दिवसातनं दोनदा फिनेलनं पुसलेली फरशी. ज्या वाटेनं म्हातारं माणूस वीस वर्षं अंधारात डोळे मिटून जात होतं, तीच वाट बदलली.

दुसरं, पायातली ताकद. रंकाळ्यावरचा फेरा बंद, भाजी मंडई बंद. अंबाबाईचं दर्शन मार्च ते नोव्हेंबर २०२० बंद आणि पुन्हा २०२१ च्या एप्रिलपासून घटस्थापनेपर्यंत बंद. आपल्या पेठांमधल्या कितीतरी बायकांचा दिवसातला एकमेव चालण्याचा व्यायाम म्हणजे देवीला जाऊन येणं. तो गेला. म्हाताऱ्या वयात मांडीचा स्नायू बसून राहिला की आठवड्या-दोन आठवड्यांत झडायला लागतो आणि परत यायला महिने घेतो. ऊन अंगाला लागत नव्हतं ते वेगळंच. मग उठताना तोल गेला की सावरणारा पायच नसतो.

तुम्ही ऑपरेशनबद्दल लिहिलेलं नाही, पण त्या दिवसांत झालं म्हणजे ताण सोसला असणार. खुबा मोडला की एक-दोन दिवसांत ऑपरेशन व्हावं हा आमचा साधा नियम, कारण अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला निमोनिया आणि पाठीच्या जखमा गाठतात. आणि तेव्हा आरटीपीसीआरचा रिपोर्ट येईपर्यंत पेशंट पायाला वजन लावून पडून. घाई करावी तर कोविडची भीती, आणि ती खोटी नव्हती : ऑपरेशनच्या आसपास कोविड झालेल्या ११२८ रुग्णांची २४ देशांतली माहिती मे २०२० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली, त्यांतले २३.८ टक्के महिन्याभरात दगावले होते. सगळ्या प्रकारची ऑपरेशनं त्यात होती, पण आमची झोप उडवायला तेवढं पुरे होतं.

आता दुसऱ्या खुब्याचं. एक मोडला की दुसरा मोडायचा धोका वाढतो, तेव्हा तुमचं भ्या अनाठायी नाही. हाडांच्या ठिसूळपणाची तपासणी झाली नसेल तर ती करून औषध सुरू करा. खुबा बसवला म्हणजे आतला आजार बरा झाला असं नाही. रात्री पलंगापासून बाथरूमपर्यंत मिणमिणता का होईना दिवा. कमोडशेजारी भिंतीला घट्ट दांडा. टॉवेलची दांडी चालत नाही, ती माणसासकट खाली येते. बीपीची किंवा झोपेची गोळी असेल तर उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचं. आणि हात न टेकता खुर्चीवरनं उठायचं-बसायचं, सकाळी पाच-सात वेळा, संध्याकाळी पाच-सात वेळा, सुरुवातीला तुम्ही शेजारी उभ्या राहून. त्यांना जपायचं म्हणून बसवून ठेवू नका, पुन्हा तेच होईल.

प्रश्न : लॉकडाऊनमध्ये मुलगा सहा वर्षांचा होता. गच्चीच्या जिन्यात पडून कोपर मोडलं. दवाखाने बंद म्हणून गावातल्या एकाकडून कामट्या बांधून घेतल्या. हात बरा झाला, पण कोपरातनं वाकडा दिसतो. वाढत्या वयात सरळ होईल का?
— एक आई, कळंबा

उत्तर : ताई, आधी उत्तर, मग बाकीचं. हा वाकडेपणा वयानं सरळ होत नाही.

मुलांची हाडं वाकडी जुळली तरी वाढीत सरळ होतात हे तुम्ही ऐकलेलं खरं आहे, पण ते मनगटाजवळ. तिथल्या टोकाला हाडाची बहुतेक वाढ होते, म्हणून दुरुस्तीला वाव असतो. दंडाच्या हाडाची वाढ मात्र जवळजवळ ऐंशी टक्के खांद्याच्या टोकाला होते, कोपराकडं वीसच टक्के. शिवाय आत वळलेलं हाड वाढ कितीही झाली तरी बाहेर वळत नाही. दिलासा असा की हात दिसायला वाकडा असला तरी कामाला बहुधा चांगला असतो. लिहितो, जेवतो, सायकल चालवतो ना? मग घाई नाही. दिसण्याचा त्रास होत असेल किंवा पुढं कोपर दुखायला लागलं तर हाडाची पाचर काढून सरळ करता येतं. एकदा दोन्ही हातांचा एक्स-रे घेऊन बसून बोलू.

पाच ते सात वर्षांच्या पोरांचं हे नेहमीचंच मोडणं. हात पुढं टाकून पडलं की कोपराच्या वरती हाड तडकतं. शाळेचं मैदान आणि बागा बंद होत्या म्हणून पोरं पडायची थांबली नाहीत. झोपाळ्याऐवजी जिना आला, घसरगुंडीऐवजी दिवाणाचा कठडा, आणि गच्चीवरची पाण्याची टाकी.

कामट्यांबद्दल मात्र बोलतेच. बांधणाऱ्या माणसाची मला चीड नाही. दार उघडं ठेवून बसलेला तोच एकटा होता. पण कोपराच्या या मोडण्यात सूज जोरात येते आणि बांधणी आवळत जाते. पट्टी बांधल्यावर मूल शांत व्हायच्या ऐवजी जास्त रडायला लागलं, बोटं सरळ करताना किंचाळलं, बोटं पांढरी-निळी-गार पडली, की रात्रीचे दोन असोत, पट्टी तिथल्या तिथं सैल करायची आणि निघायचं. आतला स्नायू रक्तावाचून सहा तास कसाबसा तग धरतो. त्यानंतर हाताचा पंजा कायमचा आखडतो, आणि तो मग कुणालाच पूर्ववत करता येत नाही. तसा एक हात मी त्या उन्हाळ्यात बघितला. तुमच्या मुलाचं कोपरावर निभावलं.

प्रश्न : पुण्यात कंपनीत होतो. २०२० ला काम सुटलं, गावी येऊन म्हशी सांभाळायला लागलो. पहिल्याच पावसाळ्यात वैरण घालताना कडबाकुट्टीत दोन बोटं गेली. वडिलांनी चाळीस वर्षांत नख मोडून घेतलं नाही. माझ्यासारखे अजून होते का?
— एक दूध उत्पादक, कागल तालुका

उत्तर : होते की, दादा. आणि बहुतेकांचं असंच : बाप, चुलता वर्षानुवर्षं त्याच यंत्रावर, आणि हात गेला तो मुंबई-पुण्याहून आलेल्या पोराचा. शेतीला आणि दुधाला लॉकडाऊन नव्हता. गोठ्यातल्या जनावराला पंतप्रधानांनी काय सांगितलं ते कळत नाही, त्याला वैरण वेळेवर लागते.

तुमच्या वडिलांच्या हाताकडं एकदा नीट बघा. ते पेंडी ढकलत नाहीत. पेंडी तोंडाशी टेकवतात आणि सोडून देतात, पुढचं रूळ ओढून घेतं. नवा माणूस, पेंडी अडकली की बोटांनी आत सारतो. पावसाळ्यात वैरण ओली आणि कोवळी, ती रुळात घसरते, गुंडाळते, म्हणून अडकते जास्त. रुळानं बोटाचं टोक धरलं की मागं घ्यायला वेळ नसतो, कारण पातं त्याच्या मागं वितीवरच फिरतंय. हातमोजे घातले तर वाचलो असं वाटतं, ते उलटं आहे. मोजा आधी सापडतो आणि आख्खा पंजा आत नेतो. फुलशर्टाची बाही आणि हातातला दोराही तसाच. यंत्र घेताना तोंडाची पन्हळ लांब असलेलं आणि रूळ उलटं फिरवायची कळ असलेलं घ्या. जुनं असेल तर पन्हळ लांब करून घ्यायला गावातला वेल्डर पुरे. अडकलं की आधी बटण बंद, मग हात.

आता ज्यांची बोटं अजून शाबूत आहेत त्यांच्यासाठी. बोट तुटून पडलं तर ते शोधा. स्वच्छ ओलसर फडक्यात गुंडाळा, ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात. बोट थेट बर्फावर ठेवलं तर ते गोठून वाया जातं. जखमेवर स्वच्छ फडकं घट्ट दाबून हात वर धरायचा. मनगटाला सुतळी आवळायची नाही. हळद, चुना, कॉफी, यांतलं काही नको. थंड ठेवलेलं बोट काही तास टिकतं, पण प्रत्येक जोडता येतंच असं नाही. चरकात किंवा कुट्टीत चेंगरलेलं बहुधा जोडता येत नाही, विळीवर साफ तुटलेलं येऊ शकतं. ते ठरवायचं काम आमचं, आणण्याचं तुमचं. त्या वर्षी जिल्हा हद्दीवर अडवतील या धास्तीनं माणसं बोट पिशवीत घेऊन घरीच बसली. १०८ ला फोन लावायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

प्रश्न : दुसऱ्या लाटेत हात मोडला होता. बाथरूममध्ये पडले असं सांगितलं. एक्स-रे बघून डॉक्टरांनी विचारलं, "नक्की पडलात?" त्या फोटोत असं काय दिसतं?
— नाव छापू नये

उत्तर : ताई, दिसतं ते सांगते.

कोपर ते मनगट दोन हाडं असतात. एक अंगठ्याच्या बाजूचं, एक करंगळीच्या बाजूचं. माणूस पडतं तेव्हा तळहात टेकतं, आणि भार येतो अंगठ्याच्या बाजूच्या हाडावर. ते मनगटाच्या जरा वर मोडतं. तोंडावर किंवा डोक्यावर काही येतंय म्हणून हात आडवा धरला, तर पुढं येते ती करंगळीची बाजू. मग ते हाड मधोमध किंवा थोडं खाली, आडवं, एकटंच मोडतं. शेजारचं हाड जागच्या जागी, मनगट शाबूत, कोपर शाबूत. असा फोटो बघितला की डॉक्टरच्या मनात प्रश्न येतोच. तो पुरावा नव्हे. लोखंडी दरवाजा आदळूनही तेच हाड तसंच मोडू शकतं. म्हणून त्यांनी विचारलं, सांगितलं नाही.

त्या काळात अशा बायका जास्त आल्या का? घरातल्या मारहाणीच्या तक्रारी वाढल्याचं राष्ट्रीय महिला आयोगानं एप्रिल २०२० मध्येच सांगितलं आणि १० एप्रिलला व्हॉट्सॲपवर तक्रार घ्यायला सुरुवात केली. व्हॉट्सॲप का, तर मारणारा चोवीस तास त्याच दोन खोल्यांत असताना फोनवर बोलणार कशी? दवाखान्यातही तेच. नवरा शेजारच्या खुर्चीवर, आणि पेशंटच्या आधी तोच उत्तर देणार, "पडली, डॉक्टर." आमच्याकडं एक जागा अशी आहे जिथं नातेवाइकाला आत येता येत नाही : एक्स-रेची खोली. किरणांचं कारण खरंच असतं, आणि ते सगळ्यांना पटतं. दार लागलं की आमच्या सिस्टर हलक्या आवाजात दोन प्रश्न विचारतात. काही जणी मान हलवतात, काही जणी नुसतं 'प्लास्टर किती दिवस ठेवणार' एवढंच विचारतात. दोन्हीतनं काय ते कळतं. ज्यांना घरी जायचंच असतं त्यांना आम्ही अडवत नाही. केसपेपरवर दुखापतीचं वर्णन मात्र नीट लिहून ठेवतो, उद्या लागलं तर असावं म्हणून.

तुमचा हात तेव्हाचा आहे, पण प्रश्न तुम्ही आत्ता विचारलाय, म्हणून आत्ताचं सांगते. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. घरगुती हिंसाचाराचा कायदा २००५ चा आहे, त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतात. पोलिसांत किंवा अधिकाऱ्याकडं काहीही नोंदवलेलं नसलं तरी त्या बाईला उपचार नाकारता येत नाहीत. तुमचे जुने एक्स-रे जपून ठेवा, हवं तर माहेरी ठेवा. आणि पुन्हा कुणी डॉक्टर तसं विचारेल तेव्हा उत्तर द्यायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. विचारणारा भांडण लावायला विचारत नसतो.

प्रश्न : त्या वेळी दारूची दुकानं बंद होती म्हणून तुमच्याकडचं काम कमी झालं असं म्हणतात. खरं का?
— निवृत्त हवालदार, शाहूपुरी

उत्तर : बऱ्याच अंशी खरं, काका. याचा सगळ्यात स्वच्छ दाखला दक्षिण आफ्रिकेतला. तिथं मार्च २०२० मध्ये लॉकडाऊनबरोबर दारूविक्री बंद केली, १ जूनला उघडली, जुलैत पुन्हा बंद केली. दवाखान्यांतले मारामारीचे आणि अपघातांचे पेशंट त्याच तालावर खाली-वर होत राहिले. आपल्याकडं मे २०२० च्या सुरुवातीला दुकानांपुढं लागलेल्या रांगा तुम्हीच आवरल्या असतील. त्या आठवड्यात आमची रात्रपाळी पुन्हा सुरू झाली असं म्हणायला हरकत नाही. बंदी असताना काही जण भलतंच पिऊन आले, तेही विसरता येत नाही.

प्रश्न : आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा स्ट्रायकर, माझा भाचा, लॉकडाऊननंतरच्या पहिल्याच सामन्यात शाहू स्टेडियमवर एकटा पळताना गुडघा धरून बसला. कुणी टॅकल केलं नव्हतं. लिगामेंट तुटलं. असं कसं?
— एक मामा, शिवाजी पेठ

उत्तर : मामा, पुढचं क्रॉस लिगामेंट बहुतेक वेळा असंच तुटतं : कुणी न धडकता, वळताना किंवा उडी मारून उतरताना. गुडघा सावरणारे मांडीचे स्नायू वेळेवर आवळले नाहीत की सगळा पीळ त्या दोरीवर येतो. मोसम बंद, मैदान बंद, पोरगं घरात मोबाइलवर फुटबॉल खेळत बसलेलं. दम दोन-तीन आठवड्यांत परत येतो आणि पोराला वाटतं आपण तयार आहोत. स्नायूचा जोर आणि वेळेवर आवळण्याची सवय यायला दीड-दोन महिने लागतात. पेठेत मात्र मॅच लागली की लागली, तिथं फिजिओचं कोण ऐकतंय. लाल मातीतल्या पोरांचं खांद्यांच्या बाबतीत तेच झालं, फक्त वस्ताद जरा कडक असतात म्हणून कमी झालं.

ऑपरेशन झालं असेल तर नऊ महिन्यांच्या आत मैदान नाही. आणि नऊ महिने भरले म्हणूनही नाही. दोन्ही मांड्यांचा जोर मोजून सारखा आला तरच. विरुद्ध तालमीचा कोच काय म्हणतो त्याच्याकडं लक्ष देऊ नका.

प्रश्न : ऑगस्ट २०२० मध्ये मांडीत सळई बसवली. दीड वर्षानं काढू म्हणाले होते, ते राहूनच गेलं. आता गंज चढेल का? काढू का?
— एक ट्रकचालक, शिरोली

उत्तर : गंज चढत नाही, त्या धातूची ती काळजी घेतलेली असते. हाड जुळलेलं आहे, चालताना दुखत नाही, खुब्याजवळ टोचत नाही, क्लच दाबताना त्रास नाही, तर मोठ्या माणसाची सळई आत राहिली तरी चालते. लहान मुलांच्या लवचीक सळया मात्र वेळेत काढायच्या. त्या वर्षी बसवलेल्या कुणाच्या मुलाच्या अजून आत असतील तर त्यांनी लगेच दाखवून घ्या, कारण हाड वाढत जातं, सळईचं टोक आत बुडतं आणि काढणं अवघड होत जातं.

तुमच्या बाबतीत काढायचंच ठरलं तर तेव्हाचं डिस्चार्ज कार्ड शोधून आणा. त्यावर सळईचं स्टिकर चिकटवलेलं असतं. प्रत्येक कंपनीचा पाना वेगळा. तो आधी मागवलेला नसला तर पेशंट टेबलावर आणि आम्ही फोनवर अशी वेळ येते. कार्ड सापडत नसेल तर जिथं ऑपरेशन झालं तिथं तारीख सांगून विचारा, त्यांच्या रजिस्टरला नोंद असते. आणि काढल्यानंतर काही आठवडे स्क्रूची भोकं भरून येईपर्यंत ट्रकवर चढायचं नाही, हे मालकाला आधीच सांगून ठेवा.